सरांच्या कोर्टात शेठची जीप

सुरुवातीलाच माफी मागते. सरांवर मी लिहावं इतकी माझी तयारी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं वाचून 'हे असं नको, तसं लिही' असं सांगणारं घरी कुणी नाही. सरांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखणारे वकील आणि शिक्षक भिवंडीत पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून हे जास्त नीटनेटकं झालं असतं. पण सर शेठच्या जीपखाली झोपले होते तेव्हा त्यांच्यापैकी कुणी तिथे नव्हतं. मी होते. तेवढ्याच जोरावर लिहिते आहे.

सर कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर धामणकर नाक्याजवळच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मराठी टायपिंगचा क्लास काढला. कॉलेज सुटलं की मी तिथे जायची. क्लासात येणाऱ्या सगळ्या मुलींना ते 'बाई' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, ते माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलताहेत.

त्यांच्या क्लासात खोडायची मुभा नव्हती. चुकलेलं अक्षर तसंच ठेवायचं, कागद पुरा करायचा, मग ते लाल पेनने गोल काढायचे. "लिहिलेलं मागे घेता येत नाही बाई. पुढचं नीट लिहिता येतं." उशीर झाला आणि आपण ट्रॅफिकचं कारण सांगितलं, की चष्म्यावरून बघत एकच शब्द विचारायचे, "शपथेवर?" त्या शब्दाने भल्याभल्या मुली खरं बोलून टाकायच्या. एकीने तर ट्रॅफिक नव्हतंच, मैत्रिणीशी भांडत बसले होते हेही सांगितलं होतं.

नाका ओलांडायची त्यांची एक रीत होती. समोरून कंटेनर येऊ दे, रिक्षांचा लोंढा येऊ दे, सर हात वर करून सरळ रस्त्यात उतरायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "तहकूब!" ड्रायव्हर शिव्या देत ब्रेक मारायचे. सर शांतपणे पलीकडे. काकू म्हणायच्या, "एक दिवस हे स्वतःच कायमचे तहकूब होतील."

घरामागच्या अंगणात सरांची स्वतःची एक जुनी जीप होती. ती चालताना गल्लीतल्या कुणीच पाहिली नव्हती. सर तिचा एक भाग काढायचे, तपासायचे, बदलायचे आणि मग त्यांना दुसऱ्या भागाचा संशय यायचा. कुठल्याशा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जमिनीवर पसरून ते त्यावर उताणे झोपायचे आणि जीपखाली सरकायचे. पांढऱ्या शर्टाची मनगटापर्यंतची बटणं लावलेली. आतून आवाज यायचा, "आज साहेबांच्या छातीवर झोपलो आहे, बाई. कामाला त्यांचा पाठिंबा आहे." गाडीचे भाग त्यांच्या लेखी आरोपी होते. "हा टाय रॉड जामिनावर सुटलेला आहे. याच्यावर लक्ष ठेवायचं." काकू चहा घेऊन यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "यांच्या कोर्टात तारखा पडतात. निकाल कधी लागत नाही."

हे सगळं आम्हाला विनोदी वाटायचं. माझ्या बाबांची गोष्ट घडली तोवर.

आमचं गाव अंजूरच्या बाजूला, खाडीजवळ. पूर्वी भातशेती होती, आता गोडाऊनं आहेत. बाबा एका गोडाऊनवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते. पॅकिंगला जाणाऱ्या गावच्या बायकांना सकाळी शेठच्या फोर व्हील ड्राइव्ह जीपमधून घेऊन जायचं, हे त्यांचं काम. एका सकाळी ती जीप बांधावरच्या रस्त्यावरून खाली खाजणात, खाडीच्या दलदलीत, गेली. बाकीच्यांना खरचटलं. आमच्या शेजारच्या बेबीमावशीची मांडी मोडली आणि आत रॉड घालावा लागला.

बाबा म्हणाले, स्टिअरिंग हातातून सुटलं. शेठ म्हणाले, याला झोप लागली. गावाने शेठचं ऐकलं, कारण आदल्या रात्री गावात हळद होती. आमच्याकडे हळदीला रात्रभर नाच आणि दारू चालते ते सगळ्यांना माहीत आहे. गॅरेजवाल्याने जीपचा पत्रा ठोकून सरळ केला, स्टिअरिंगचे हादरे दाबणारा नवा डॅम्पर बसवला आणि गाडीत काही दोष नाही असं सांगितलं. शेठने दुसरा ड्रायव्हर ठेवला. बेबीमावशीचा मुलगा आमच्या दारावरून जाताना मान फिरवू लागला. बाबा त्याच गोडाऊनमध्ये माल चढवायच्या कामाला लागले. गाडीला त्यांनी हात लावला नाही.

मला सगळ्यात भीती वाटली ती एका संध्याकाळी. बाबा जेवता जेवता आईला म्हणाले, "सगळी बोलतात तर आता मना पन वाटतं, डुलकी लागली असंल."

दुसऱ्या दिवशी क्लासात माझ्या कागदावर लाल गोलच गोल झाले. सरांनी विचारलं, "बाई, आज बोटं कुठे आहेत?" मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. म्हणाले, "वडिलांना रविवारी घेऊन या. तुम्ही बसा, पण मध्ये बोलायचं नाही."

त्या रविवारची उलटतपासणी मला अजून शब्दन् शब्द आठवते. बाबा खुर्चीच्या कडेवर बसलेले. सर समोर, ताठ.

"पिता?"

"न्हाय."

"कधीच नाही?"

"हळदीला घेतो थोडी."

"आदल्या रात्री हळद होती."

"व्हती. पन मी गेलो न्हाय. सकाळची ड्युटी व्हती."

"कोण सांगेल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "ही सांगंल. हिची आय सांगंल."

"घरचे साक्षीदार उपयोगाचे नाहीत. पुढे. आधी काय झालं?"

 हात पुढे करून बाबांनी हवेत स्टिअरिंग धरलं. "पाइपलायनीच्या उंचवट्यावरून गाडी उतरली. आधी पायाखालचा पत्रा गुणगुणला. मग चाक एकदा डावीकडं, मग उजवीकडं. मग कोनी तरी हातातून वडून घेतंय असं. सगळी गाडी थडथडली. मी जोरात ब्रेक मारला."

"जोरात?"

"व्हय. जोरात."

"म्हणजे जी थोडी पकड होती तीही घालवलीत."

मला उठून जावंसं वाटलं. हा माणूस बाबांना मदत करायला बसलाय की फाशी द्यायला? बाबांची मान खाली गेली होती. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "रागावू नका, बाई. मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा नाही. मी कुणाच्याच बाजूचा नाही. शेठची जीप कुठे उभी असते?"

त्याच दुपारी आम्ही शेठच्या गोडाऊनवर गेलो. शेठ सरांना ओळखत होते. जमिनीच्या दाव्यापायी त्यांची बरीच वर्षं कोर्टाच्या आवारात गेली होती आणि सरांशी आवाज चढवून बोलायची त्यांची सवयच नव्हती. तरी ते हसले. "सर, गाडीला काय झालं न्हाय. नवीन डॅम्पर टाकलाय. बघा पायजे तर."

सरांनी जीपभोवती एक फेरी मारली. ती उंच होती, रुंद खाचांचे मोठाले टायर, पाट्यांच्या टोकाला चकाकणारे नवे शॅकल. पाटे म्हणजे जाड पोलादी पट्ट्यांची ती स्प्रिंग, आणि शॅकल म्हणजे तिला गाडीशी जोडणारी कडी. बाबांना स्टिअरिंगवर बसवून सर खाली सरकले. इथे भावी नगरसेवक नव्हते, गोडाऊनमधला पुठ्ठा होता. "हलवा. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. भराभर. थांबा. परत." चाकं जमिनीवर, स्टिअरिंग हलतंय आणि सर एकेका सांध्यावर बोटं ठेवून पडलेत, वैद्य नाडी बघतो तसे. मलाही त्यांनी वाकून बोट ठेवायला लावलं. टाय रॉडच्या, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, एका टोकाला बोटाखाली बारीक टकटक जाणवत होती. मग चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवलं, तर तेही खडखडलं. "किंग पिनचं बेअरिंग," सर म्हणाले. "चाक ज्या खिळीवर वळतं ती." पाट्याच्या टोकाच्या भोकातलं रबरी बुश तर चुरा होऊन बोटाला लागलं.

"मग झालं की," मी म्हणाले. "सापडलं."

"काय सापडलं? झिजलेल्या वस्तू सापडल्या. झिजलेल्या गाड्या रोज हजार धावतात. गुन्हा कुठे घडलाय अजून?"

गॅरेजवाला चाचाही आला होता. तो म्हणाला, "सर, सब एक साथ बदल देते हैं. आधे दिन का काम है."

"सबको एक साथ फाँसी नहीं देते, चाचा. पहले इसको हिलने दो."

सरांचं म्हणणं, आधी जीप तशीच थरथरली पाहिजे, त्याच रस्त्यावर, त्याच उंचवट्यावर, मगच दुरुस्ती. आणि त्याआधी नवा डॅम्पर काढायचा, कारण तो थरथर दाबून ठेवतो, मुळातून घालवत नाही. चालवायची बाबांनीच. ऐकून शेठचा चेहरा उतरला. आई घरून निरोपावर निरोप पाठवत होती, नको म्हणून सांग. बाबा मात्र कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "चला."

चाचाने डॅम्पर काढला. रविवारी त्या रस्त्याला ट्रक कमी असतात. मला आणि गोडाऊनच्या वॉचमनला दोन टोकांना गाड्या अडवायला उभं केलं. मी उंचवट्याच्या अलीकडे, ओढणी हातात घेऊन. पुढच्या सीटवर बाबा आणि सर, मागे शेठ. शेठ म्हणाले होते, गाडी माझी आहे, मी बसणार. निघण्याआधी सरांनी बाबांना बजावलं, "थरथरली तर ब्रेक नाही. पाय काढायचा आणि चाक सैल धरायचं. वेग पडू द्यायचा. समजलं?"

पहिल्या फेरीत जीप उंचवट्यावरून उडी मारून उतरली आणि सरळ निघून गेली. काही नाही. दुसऱ्या फेरीत बाबांनी वेग वाढवला. काही नाही. तिसऱ्यांदा तसंच. जीप माझ्याजवळ येऊन थांबली. बाबांचा आवाज मला ओळखूच येईना. "बगा सर. न्हाय होत. मीच झोपलो असन."

शेठ खाली उतरत म्हणाले, "जाऊ द्या सर. माणूस गरीब आहे. मी काय केस केली न्हाय त्याच्यावर."

त्या क्षणी मला वाटलं, आपण बाबांना इथे आणायलाच नको होतं. निदान संशय होता तोवर आशा तरी होती.

सर उतरले नव्हते. ते मागे वळून जीपच्या रिकाम्या बाकांकडे बघत होते. "शेठ, इथे त्या दिवशी काय होतं?"

"काय म्हणजे? बायका व्हत्या."

"आज कोण आहे?"

"मी."

"बायका कशा बसतात? दाटीवाटीने? अगदी मागच्या टोकापर्यंत?"

"व्हय. मागच्या फळीवरपन."

"म्हणजे मागचं टोक दबलेलं, पुढची चाकं हलकी." सर आता भराभर बोलू लागले. "आपण रिकामी गाडी पळवतोय. वॉचमनला हाक मारा, गोडाऊनमधून पोती आणू द्या. भरलेली. आणि शेठ, तुम्ही आता खालीच थांबा."

पोती चढली. जीप मागे बसली, पुढून किंचित वर उठली. सर पुन्हा बाबांच्या शेजारी बसले. मी ओरडले, "सर, तुम्ही नका बसू!" त्यांनी हात वर केला, नाक्यावर करायचे तसाच. पण तोंडातून शब्द काही निघाला नाही. ते घाबरले होते, हे मला तेव्हा दिसलं.

जीप आली. उंचवट्यावर पुढची चाकं उचलली, टेकली आणि लगेच दोन्ही चाकं पिसाळल्यासारखी डावी-उजवी फडफडू लागली. आवाज असा, की कुणी पत्र्याच्या छपरावर दगडांचा मारा करतंय. सगळं बॉनेट हलत होतं. सरांचा चष्मा खाली पडला. जीप बांधाच्या कडेला सरकली, मातीचा एक लोट खाजणात गेला. शेठ "ए! ए!" करत धावले. मला बाबांचे फक्त हात दिसत होते. त्यांनी स्टिअरिंग आवळलं नव्हतं. नुसतं धरलं होतं. वेग पडत गेला, फडफड मंदावली आणि जीप कडेला लागून उभी राहिली.

मी पोचले तेव्हा बाबा अजून स्टिअरिंग धरून होते. "हाच," ते म्हणत होते. "हाच त्यो. आधी पत्रा गुणगुणला, आयकलंत ना सर? मग डावीकडं. असाच. असाच वडला."

सर चष्मा शोधत होते. तो सापडल्यावर पुसून घातला, शर्टाची बटणं चाचपली आणि त्यांच्या त्या ताठ आवाजात म्हणाले, "या गृहस्थांनी माझ्या घरी जसं सांगितलं, त्याच क्रमाने झालं. आधी पत्रा, मग डावीकडे, मग उजवीकडे. झोपलेल्या माणसाला क्रम सांगता येत नाही." मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुम्ही जागे होता."

बाबा तिथे, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. सर जीपमधून उतरून लांब जाऊन खाडीकडे बघत उभे राहिले, जणू त्यांना तिकडे काही काम होतं.

दुरुस्ती बरेच दिवस चालली, कारण सर एका वेळी एकच वस्तू बदलू द्यायचे. टाय रॉडची टोकं बदलली, पोती भरली, फेरी मारली. थरथर कमी, पण होती. बेअरिंग बदललं, फेरी. बुश बदललं, फेरी. प्रत्येक फेरीला स्टिअरिंगवर बाबा. चाचा कपाळाला हात लावायचा. पण शेवटची थरथर काही जाईना. सर चिडचिडे झाले, क्लासात कुणाशी बोलेनात. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवत नाहीत गं. आपल्या जीपकडे तर बघतही नाहीत."

मग एके दिवशी ते शेठसमोर जाऊन उभे राहिले. "हे शॅकल नवे का आहेत?"

"चांगले हायेत ना? खास बनवून घेतलेत."

"लांब आहेत. पुढचा भाग उचललाय यांनी. चाकांचा कल बदलला. मी मूर्ख, चकाकतात म्हणून यांना पहिल्याच दिवशी निर्दोष सोडलं. कशासाठी उंच केली गाडी?"

 शेठ जरा लाजत म्हणाले, "पोराच्या वरातीला, सर. एवढी गर्दी, बँजो, डीजे. नवरदेव लांबून दिसाया नको?"

"दिसला?"

"लय भारी दिसला."

"मग आता उतरवा त्याला."

जुने आखूड शॅकल बसवले. टायरही साधे घातले. पोती भरून बाबा त्या उंचवट्यावरून गेले, आले, पुन्हा गेले. जीप रेषेत चालली. सर शेजारी बसून मांडीवर हात ठेवून होते. सरांच्या कोर्टात लागलेला हा एकमेव निकाल, असं काकू म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना शिरा केला.

पण निकाल लागला आणि गावात काहीच बदललं नाही. शेठ बाबांना म्हणाले, "उद्यापासून ये गाडीवर. मागचं काय कोनाला सांगत बसू नको." वरातीसाठी आपण गाडी उचलली आणि त्यापायी एका बाईची मांडी मोडली, हे शेठ कसे सांगणार? बाबा सकाळी जीप घेऊन चौकात उभे राहिले. बायका आल्या, बाबांना बघून एकमेकींत कुजबुजल्या आणि शेअर रिक्षात बसून गेल्या. दोन-तीन सकाळी असंच झालं. बाबांनी चावी परत केली आणि पुन्हा माल चढवू लागले.

मी सरांना विनवलं, तुम्ही गावात येऊन सांगा, तुमचं ऐकतील. सर म्हणाले, "बाई, मी तुमच्या गावाला आदेश देऊ शकत नाही. विश्वास काही जप्त करून आणता येत नाही." पण हे त्यांना लागलं होतं. त्यानंतर क्लासात त्यांनी कुणालाच 'शपथेवर?' असं विचारलं नाही. पुढे ते अंगणात पाय घसरून पडले आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. क्लास बंद झाला. काकूंचा फोन यायचा. त्या म्हणायच्या, "तुझ्या बाबांचं विचारतात गं रोज. मी म्हणते, काही कळलं की ती सांगेल."

सांगण्यासारखं काहीच नव्हतं. परवापर्यंत.

परवा आईने मला कॉलेजात फोन केला. बेबीमावशीचा रॉड काढायचा होता. मुलाने ठाण्याच्या हॉस्पिटलला न्यायला रिक्षा आणली, तर मावशी चढेना. त्याला म्हणाली, शेठकडून जीप माग, आणि चालवायला शेजारच्याला बोलव. मुलगा वाद घालू लागला तशी ती आमच्या दारात कुबडी टेकवत आली आणि आईला म्हणाली, "मीपन जागीच व्हते गो त्या दिवशी. चाक सुटलं तवा त्याचं वरडनं आयकलं मी. माझा पोर शेठच्या गोडाऊनला, म्हनून गप बसले." मग बाबांना म्हणाली, "काय बगतोस? चल, उशीर होतोय."

ती मागे बसली नाही. पुढे, बाबांच्या शेजारी बसली.

मी लगेच नाशिकला फोन लावला. सरांना आता कमी ऐकू येतं, म्हणून कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून सगळं ओरडून सांगावं लागलं. येणारी-जाणारी मुलं थांबून बघत होती. सर मध्येच म्हणाले, "थांबा, बाई. उंचवट्यावरून कशी गेली गाडी? त्या घाबरल्या का?"

"नाही, सर! बाबांनी ठाण्याहून आईला फोन करून सांगितलं, उंचवटा कधी गेला ते तिला कळलंही नाही. ती झोपली होती!"

 मग फोन तोंडापासून दूर झाला असावा, कारण सरांचा आवाज लांबून आला. ते काकूंना सांगत होते, "ऐकलंस का? त्या बाई झोपल्या. त्याच्या शेजारी, गाडीत."